बाद झालेल्याने जायचे कुठे?

वणीहून समुद्र कोणत्याही बाजूने लांबच. नकाशा उघडला तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ दिसतो, तरी वणीकराच्या तोंडी समुद्र म्हणजे मुंबई नाहीतर गोवा. अशा ठिकाणी, जानेवारीच्या थंडीत, कबड्डीच्या मैदानाला लागून टाकलेल्या खुर्च्यांवर समुद्रकाठच्या गोल्फ स्पर्धेवरून वाद रंगला. उपांत्य सामन्याआधी मैदानावर पाणी मारणे चालू होते, धूळ बसायला वेळ होता, आणि वादाला तेवढे पुरते.

काका कोळसा खाणीत ओव्हरमन होते. तारुण्यात डावा कोपरा सांभाळायचे; आता निवृत्तीनंतर तालुक्यातल्या रात्रीच्या सामन्यांत शिट्टी घेऊन उभे राहतात. पुतण्या इंग्लंडात नोकरीला. तिथल्या एका हौशी गोल्फ सोसायटीचा तो सभासद, आणि ही सोसायटी दरवर्षी एक रात्र समुद्रकाठी मुक्काम करून सांघिक स्पर्धा खेळते. काका बोलतात ते इकडचेच. पुतण्याची भाषा परदेशात राहून पुस्तकी झाली आहे. मी शेजारी, दोघांच्या मध्ये बसलेला.

काका : एक रात्र मुक्काम म्हणतोस. मंग रात्री खेळता का?

पुतण्या : रात्री नाही. पहिल्या दिवशी दुपारी अठरा होल, रात्री जेवण आणि एकमेकांची टिंगल, सकाळी पुन्हा अठरा. दोन्ही दिवसांचे गुण मिळवून ढाल कोणाची ते ठरतं.

काका : अन् पाहाले कोण येते?

पुतण्या : कोणी नाही. कुत्रं फिरवायला आलेला एखादा माणूस थांबतो घटकाभर.

काका : मंग त्याले सामना कायले म्हणता? इथं पाय, दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं अंगावर घोंगडं घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत बसतात. सेकंड शिफ्टवाले घरी न जाता सरळ इकडं येतात. पाहणारा नसला तर पकड करणाऱ्याच्या अंगात जोर येते कुठून?

पुतण्या : आमच्यात जोराचं काम कमी असतं, काकाजी. सोसायटी म्हणजे क्लब नव्हे. स्वतःचं मैदान नसतं. ऑफिसातले, एखाद्या पबमधले, एकाच रस्त्यावर राहणारे लोक जमतात, वर्गणी काढतात आणि दुसऱ्याच्या मैदानाचं भाडं भरून खेळतात. आमच्यात एक इलेक्ट्रिशियन आहे, एक शाळामास्तर, दोन बसचालक.

काका : म्हणजे आपलं मंडळच झालं, फक्त गणपती नाही. बरं. मैदान नाही, पंच नाही, प्रेक्षक नाही. मंग आहे काय तुमच्यापाशी?

पुतण्या : हँडिकॅप आहे.

हा शब्द काकांनी ऐकलेला होता, पण त्यामागचा हिशोब त्यांना ठाऊक नव्हता. पुतण्याने तो समजावला, आणि मला वाटते वादाचे खरे मूळ तिथेच होते. प्रत्येक खेळाडूला त्याच्या आधीच्या खेळावरून एक आकडा मिळतो. तरबेज खेळाडूचा लहान, कच्च्याचा मोठा. 2020 मध्ये जगभरासाठी एकच पद्धत आली, तिच्यात हा आकडा जास्तीत जास्त 54 पर्यंत जातो. ढोबळमानाने जेवढा आकडा, तेवढ्या फटक्यांची सवलत. समजा एखादा होल चार फटक्यांत संपवायचा आहे आणि तुम्हाला तिथे एक फटका सवलतीचा आहे. तुम्ही पाच फटक्यांत चेंडू खळग्यात घातलात तरी तो चारातच धरतात, आणि दोन गुण देतात. सहा लागले तर एक गुण. सात लागले तर शून्य. मग चेंडू उचलून खिशात घालायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचे. सवलत धरून एक फटका वाचला तर तीन गुण. संघ चौघांचा. प्रत्येक होलला चौघांपैकी ज्या दोघांचे गुण जास्त, तेवढेच संघाच्या खात्यात.

काका : म्हणजे ज्याले खेळता येत नाही त्याले सूट. इथं एखाद्या संघानं म्हटलं, आमचा रेडर कच्चा आहे, आम्हाले पाच गुण आधीच लावून द्या, तर मैदानात चपला पडतील.

पुतण्या : तुम्ही वजनाचे गट पाडता ना? 55 किलोच्या गटात 70 किलोचा पोरगा उतरू देता का? ती सूट नाही तर काय?

काका : वजन काट्यावर दिसते. सगळ्यांसमोर. तुमचा आकडा कोण मोजते?

पुतण्या : माझं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो, त्याचं मी. शेवटी दोघांनी सह्या करायच्या. त्यावरून आकडा निघतो.

काका : झालं तर मंग! वर्षभर मुद्दाम खराब खेळायचं, आकडा फुगवायचा, अन् ढालीच्या दिवशी सुटायचं.

पुतण्या : असे असतात. त्यांना बँडिट म्हणतात, म्हणजे दरोडेखोर. त्यावर इलाजही आहे. जो ढाल जिंकतो त्याचा आकडा आमची सोसायटी पुढच्या सहलीसाठी स्वतःच कापते. जिंकल्याचा दंड.

काका : आमचे पोट्टे तर काट्यालेच फसवतात. आदल्या दिवसापासून पाणी बंद, सकाळी स्वेटर घालून पळायचं, काट्यावर उतरलं की लगेच लिंबूपाणी. अन् एखादा संघ रेडर बाहेरून आणते. परवा ज्याले दुसऱ्या गावच्या बनियनमध्ये पाहिलं, तो आज आपल्या समोर. विचारलं तर म्हणे मामाचं गाव आहे.

आपापल्या खेळाचा कैवार घ्यायला बसलेले हे दोघे एव्हाना आपापल्या खेळातल्या लबाड्या सांगू लागले होते. कोणताही खेळ मनापासून खेळलेला माणूस इथवर येतोच. टीव्हीवर पाहणाऱ्याला लबाडी ठाऊक नसते, म्हणून तो नुसते कौतुक करतो.

पुतण्या : ही गुणांची पद्धत समुद्राच्या वाऱ्यातूनच आली, काकाजी. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाचे एक शल्यविशारद होते. लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे वॉलसी म्हणून गाव आहे, तिथल्या समुद्रकाठच्या मैदानावर खेळायचे. फटके नुसते मोजत गेलं की एकच होल वाऱ्यानं बिघडला तर अख्ख्या दिवसाची माती होते. पहिल्यांदा त्यांनी ही गुणांची कल्पना वेल्समध्ये 1898 ला करून पाहिली, ती तेव्हा रुजली नाही. मग 1932 च्या मे महिन्यात वॉलसीला स्पर्धा घेतली आणि ती लोकांनी उचलली. आम्ही जातो तो किनारा तोच. एका होलला तुम्ही वाळूत रुतलात तरी फार तर शून्य. पुढच्या होलला तुम्ही पुन्हा माणसात.

काका : समुद्रकाठच कायले पायजे पण?

पुतण्या : खेळ तिथलाच. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी. तिच्यात पीक येत नाही, मेंढ्या चरतात, गवत आखूड राहतं. स्कॉटलंडमध्ये अशाच पट्टीवर खेळत होते लोक. सेंट अँड्रूजला बावीस होल होते, 1764 मध्ये ते अठरा केले, आणि आज जगभर अठरा आहेत ते त्यामुळे.

काका : समुद्राचा डौल मले नको सांगू. समुद्र इथंही होता. राजूरचा चुनखडक कायचा आहे? अब्जभर वर्षांमागं इथं समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला गाळ आहे तो. त्याच्यावर भट्ट्या चालल्या, चुना निघाला. ही समोर फक्की मारून राहिला ना पोट्टा, ती रेघ समुद्राचीच समज. आमचा सामनाही समुद्रकाठीच होऊन राहिला, फक्त उशीर झाला थोडा.

यावर पुतण्याला उत्तर सुचले नाही. काकांनी ते ओळखले आणि लगेच दुसरा मुद्दा काढला.

काका : पंच नाही म्हणतोस. चेंडू झुडपात गेला, कोणी पाहत नाही, पायानं सरकवला. कोण सांगणार?

पुतण्या : तोच सांगणार. बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन खेळाडू होता, जन्मभर हौशी, पैसे न घेता खेळला. 1925 च्या यूएस ओपनमध्ये गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. त्याच्याशिवाय कोणालाच दिसलं नाही. त्यानं स्वतःला एक फटका दंड लावला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेरीत तो हरला. तो एक फटका नसता तर बरोबरीच झाली नसती.

काका : चांगला माणूस. पण तो एक झाला म्हणूनच शंभर वर्षं सांगून राहिले ना? सगळेच तसे असते तर त्याची गोष्ट कोणी सांगितली असती?

हे मला पटले, आणि पुतण्यालाही पटले असावे, कारण तो हसला. पण काकांनी तिथे थांबून जिंकायचे सोडून दिले. त्यांना काही वेगळेच आठवले.

काका : आमच्या खेळातही होतं तसं. दम. आता तीस सेकंदांचं घड्याळ आहे, चढाई मोजता येते. पहिले घड्याळ नव्हतं. एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत जायचं, मध्ये श्वास घेतला की बाद. आता श्वास घेतला का नाही, हे इतक्या कल्ल्यात कोणाले कळणार? पंच कान देते, पण खरं ज्याचं त्यालेच ठाऊक. काही रेडर दम तुटला की स्वतःच हात वर करून बाहेर जात. एखादा तोंडातल्या तोंडात गुणगुणून वेळ काढे. गावाले दोन्ही माहीत असत. गुण पंच देते. पण कोणाच्या शब्दावर उधार द्यायचं, हे गाव अशातूनच ठरवते.

पुतण्या : मग घड्याळ आलं ते वाईट झालं?

काका : वाईट कसं? घड्याळ आलं म्हणून खेळ पेइचिंगले गेला, 1990 च्या एशियाडमध्ये. टीव्हीवर 2014 पासून लीग आली. दम मोजत बसले असते तर जगानं पाहिला नसता. पण त्याच्याही पहिले, 1936 मध्ये, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोट्ट्यांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू खेळून दाखवली होती. हे तुमच्या सोसायटीत सांगतोस का?

पुतण्या : सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, मग ऑलिंपिकमध्ये आहे का? नाही म्हणावं लागलं. गोल्फ 2016 पासून पुन्हा आहे.

काका : पैशाचा खेळ. जागा किती लागते रे तुमच्या अठरा होलले?

पुतण्या : पन्नास हेक्टर तरी. सव्वाशे एकर.

काका : आमचं मैदान तेरा मीटर बाय दहा. म्हणजे एकशेतीस चौरस मीटर. कर हिशोब.

पुतण्याने मोबाइलवर आकडेमोड केली. एका गोल्फ मैदानात कबड्डीची साडेतीन हजारांहून जास्त मैदाने बसतात. हा आकडा ऐकून काकांना जो आनंद झाला, तो खाणीत असताना कधी बोनस मिळाल्यावर झाला असेल तर.

पुतण्या : पण ती जमीन नांगराखालचीच असावी लागते असं नाही. अमेरिकेत मोंटानामध्ये ॲनाकोंडा म्हणून गाव आहे, तांबं वितळवण्याच्या कारखान्याचं. कारखाना बंद पडला, जमीन विषारी. तिथं 1997 मध्ये गोल्फचं मैदान केलं. वाळूच्या खड्ड्यांमध्ये वाळूऐवजी कारखान्यातलीच काळी मळी भरली आहे. आपल्याकडे खुल्या खाणींचे एवढे मोठे ढिगारे पडलेले आहेत. त्यांवर...

काका : थांब. त्या ढिगाऱ्याखाली वावरं होती. काळी जमीन, कपाशीची. ज्यांची गेली त्यांच्यातल्या कोणाले नोकरी लागली, कोणाले नाही, कोणाचे पैसे लग्नात उडाले. आता त्याच्यावर हिरवं गवत लावून पन्नास माणसांनी छत्री घेऊन चालायचं? जंगल लाव म्हण, चराई दे म्हण. गोल्फ नको म्हणू माझ्यासमोर.

पुतण्या : छत्री घेऊनच चालावं असं नाही म्हणालो मी.

काका : तू नाही म्हणालास. पण कुंपण तर येईलच ना? या मैदानाले कुंपण आहे का? तो पलीकडे बसलेला पोट्टा पाय, पायात चप्पल नाही, उद्या तो या रेघेच्या आत येऊ शकते. तुमच्या सोसायटीत येऊ शकते का?

इथे पुतण्या खरोखर गप्प झाला. खेळ सगळ्यांना घेतो का, हा प्रश्न त्याने आजवर वयाच्या आणि कसबाच्या अंगाने विचारला होता; काकांनी तो कुंपणाच्या अंगाने विचारला. माझे मत विचाराल तर काकांची बाजू इथे वजनदार होती. पण पुतण्याही त्यांच्याच घरचा. घटकाभराने त्याने वाद उलटा फिरवला.

पुतण्या : काकाजी, तुम्ही शेवटचा सामना खेळलात तेव्हा वय किती होतं?

काका : एकतीस. गुडघा गेला.

पुतण्या : आता अडुसष्ट. म्हणजे सदतीस वर्षं तुम्ही रेघेबाहेर बसला आहात. त्या पोराला तुमचा खेळ कुंपणाशिवाय आत घेतो हे खरं, पण तिशीत सगळ्यांना बाहेर काढतो. सातजणांत तो बाद होतो, मग संघातून बाद होतो, मग खेळातूनच. आमच्या त्या इलेक्ट्रिशियनचं वय चौऱ्याहत्तर. गेल्या साली शेवटच्या होलला आमच्या तिघांचे चेंडू वाऱ्यानं भरकटले, त्याचा तेवढा जागेवर होता. ढाल त्याच्या गुणावर आली. तुमच्या खेळात चौऱ्याहत्तरीच्या माणसानं काय करायचं?

काका : शिट्टी आहे ना माझ्याकडे.

पुतण्या : शिट्टी आहे. खेळ नाही.

काका थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले. लाउडस्पीकरवर बक्षीसदात्यांची नावे तिसऱ्यांदा वाचून होत होती. मग ते म्हणाले ते मला अगदी अनपेक्षित होते.

काका : पहिले तीन जातींचे खेळ होते. संजीवनी, गामिनी अन् अमर. संजीवनीत आपला माणूस बाद झाला तर समोरचा एक मारला की आपला परत येते. आज जगभर खेळतात तो त्यातूनच आला. गामिनीत बाद झाला तो गेलाच, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अन् अमर. अमरमध्ये हात लागला तरी कोणी बाहेर जात नव्हतं. गुण लिहायचा, माणूस मैदानातच.

पुतण्या : अहो, मग हेच तर स्टेबलफोर्ड! शून्य लिहा आणि पुढच्या होलला चला. त्या डॉक्टरानं जे 1932 ला केलं, ते तुमच्याकडे आधीपासून होतं.

काका : आधीपासून का नंतर, मले नाही माहीत. पण होतं. अन् मागं पडलं. काऊन मागं पडलं, ते सांगतो. सात विरुद्ध सात, शेवटपर्यंत सातच, पाहणारा पेंगते. खेळाची जान कधी येते? तीन माणसं उरतात अन् समोरून तगडा रेडर येते तेव्हा. तिघांनी त्याले धरलं तर सुपर टॅकल, दोन गुण, अन् सगळं गाव उभं. माणसं बाहेर गेली म्हणून त्या तिघांले किंमत आली. कोणी बाहेरच गेलं नाही तर वाचलेल्याचं कौतुक कायचं?

पुतण्या : हे पाहणाऱ्याच्या बाजूनं झालं.

काका : हो. अन् मी पहिलेच म्हटलं, पाहणारा पायजे.

पुतण्या : मग पाहणाऱ्यांसाठी संजीवनी असू द्या. मुख्य सामना तोच. पण उद्या दुपारी, अंतिम सामन्याआधी, मैदान रिकामं असतं. पन्नाशीवरचे दोन संघ करा आणि अमर खेळा. पकड नको, गुडघे जातील. नुसता स्पर्श. एका बाजूनं सगळे सत्तरीचे असले तर त्यांना चार गुण आधी द्या.

काका : गुण आधी नाही. मैदान लहान करू त्यांच्यासाठी. धावाले कमी लागते.

पुतण्या : म्हणजे सूटच.

काका : मैदानाची सूट. गुणाची नाही. फरक आहे.

फरक मला फारसा दिसला नाही, पण काकांना दिसत होता आणि त्यावर ते हटणार नव्हते. त्यांनी बोटांवर नावे मोजायला सुरुवात केली: खाणीतले दोघे, कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेले एक सर, जिनिंगमधला एक. चौथ्या नावाला ते अडले. त्या माणसाशी त्यांचे एका जुन्या सामन्यातल्या निर्णयावरून बोलणे बंद आहे. नाव मात्र त्यांनी गाळले नाही.

काका : बारा होतील. पंच मी राहीन.

पुतण्या : तुम्ही खेळणार आहात. पंच नकोच. ज्याला हात लागला त्यानं स्वतः सांगायचं.

काका : वणीत?

पुतण्या : हो, का नाही? दम तुटल्यावर हात वर करून जात होते म्हणालात ना तुम्हीच.

काका : ते तरणे होते. जिंकाले अजून पुष्कळ सामने बाकी होते त्यांचे, एक सोडून दिला तर काय जाते? पन्नाशीवरचा माणूस, तीस वर्षांनी मैदानात उतरलेला, घरचे सगळे पाहून राहिले, अन् तो स्वतःहून म्हणल की मले हात लागला? बाबू, ह्या पोट्ट्यांचा मी एकवेळ भरवसा धरीन.